सावजाला वारा लागू द्या: खार, ससा आणि रानपक्षी वाहून नेण्याच्या पट्ट्या, तारा आणि झोळ्यांची परीक्षा

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या जंगलांत छोट्या सावजाचा हंगाम खारीपासून सुरू होतो. पेनसिल्वेनियात तो सप्टेंबरच्या मध्यास उघडतो आणि मधले खंड धरून फेब्रुवारीपर्यंत चालतो. हंगामाच्या तोंडाला दुपारी 25 अंश सेल्सिअस सहज असतं आणि जानेवारीत बाटलीतलं पाणी गोठतं. दुकानदार मात्र दोन्हींसाठी एकच वस्तू पुढे करतो: पाठीवर रक्त न झिरपणारी झोळी शिवलेलं नारिंगी व्हेस्ट, म्हणजे बिनबाह्यांचं जाकीट. जानेवारीसाठी ते उत्तम आहे. सप्टेंबरात त्याच झोळीत सकाळी सातला टाकलेली खार दहा वाजता बाहेर काढली, तर पोटाकडून हिरवट वास येतो आणि मांस कुत्र्याला घालायच्या लायकीचंही राहत नाही.

(महाराष्ट्रात बसून वाचणाऱ्यांसाठी एवढंच: भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ससा काय आणि तित्तर काय, हौसेखातर कशाचीच शिकार करता येत नाही. पुढचं सगळं परवाना काढून अमेरिकेत रानात उतरणाऱ्यांसाठी आहे.)

साधन निवडताना बहुतेक जण वजनाचा विचार करतात आणि तिथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. करडी खार साधारण अर्धा किलो भरते, फॉक्स खार त्याहून जड, किलोच्या आतबाहेर. पेनसिल्वेनियात दिवसाला सहा खारींची मर्यादा आहे, म्हणजे करड्या खारींचे तीन किलो. कॉटनटेल ससा एक ते दीड किलोचा, मर्यादा चार, म्हणजे जास्तीत जास्त सहा किलो. रफ्ड ग्राऊज हा तित्तरासारखा रानपक्षी अर्ध्या-पाऊण किलोचा आणि दिवसाला दोनच. एवढं वजन साध्या पिशवीतही मावतं. प्रश्न उष्णतेचा आहे. सशाच्या अंगात मरतेवेळी 39 अंशांच्या आसपास उष्णता असते, पक्ष्याच्या अंगात 41 ते 42. वर केसांचं किंवा पिसांचं पांघरूण. 4 ते 60 अंशांच्या दरम्यान जंतू वाढतात आणि आतड्यांतले जंतू तर आधीपासून तिथे हजर असतात. चार गरम ससे एकावर एक रचून रबरी अस्तरात बंद केले की मधल्या दोघांची उष्णता बाहेर पडायला वाटच उरत नाही. म्हणून साधन कुठलंही असो, त्याला पहिला प्रश्न एकच विचारायचा: यात सावजाला चारी बाजूंनी वारा लागतो का?

या प्रश्नाला सर्वांत चांगलं उत्तर देतो तो खांद्यावरचा पट्टा. दुकानात बर्ड स्ट्रॅप किंवा गेम टोट म्हणून मिळतो. नायलॉनची किंवा चामड्याची एक पट्टी, खाली कड्यांना बांधलेले दोरीचे आठ ते बारा फास. नायलॉनचा साधारण 10 ते 20 डॉलरला मिळतो, चामड्याचा त्याच्या दुप्पट-तिप्पट. प्रत्येक सावज वेगळं लटकतं, एकमेकांना चिकटत नाही आणि चालताना आपोआप वारा लागतो. खारींसाठी आणि पक्ष्यांसाठी आमची पहिली पसंती हीच.

घेताना चार गोष्टी बघा. पट्टीची रुंदी निदान 38 मिलिमीटर हवी. 25 मिलिमीटरची पट्टी पाच किलो लटकल्यावर अर्ध्या तासात खांद्यात रुतते. फास बारा असून उपयोग नाही, ते जवळजवळ असले तर सावजं पुन्हा घोळक्यानंच लटकतात. दोन फासांत चार बोटांचं अंतर ठेवून सहा फास असलेला पट्टा बारा दाटीवाटीच्या फासांपेक्षा बरा. तिसरं म्हणजे फासाची दोरी. प्लॅस्टिकचा लेप दिलेली पोलादी तार धुवायला सोपी, पण ती बारीक असते आणि फेझंटसारखा कोंबडीएवढा जड पक्षी झुलत राहिला की मानेची कातडी कापते. विणलेली दोरी मानेला सौम्य, पण रक्त पिऊन कडक होते आणि नीट वाळली नाही तर कुबट वास धरते. दोन्हींत निवड करायची तर दोरी घ्यावी. ती बदलता येते. चौथं, कड्या पितळी किंवा स्टेनलेस आहेत का ते पाहा. मुलामा दिलेलं साधं लोखंड रक्ताच्या खारटपणानं एका हंगामात गंजतं.

ब्रिटिश पद्धतीचा चामडी पट्टा जरा वेगळा असतो. त्यात फासाऐवजी तारेच्या चिंचोळ्या खाचा असतात, वर रुंद आणि खाली अरुंद. पक्ष्याची मान रुंद भागातून घालून खाली ओढली की डोकं अडकतं. फेझंटसाठी हे एका हाताचं काम आहे, गाठ नाही की फास नाही. पण खारीचा पाय त्या खाचेतून निसटतो आणि सशाचा तर अडकतच नाही. म्हणजे इंग्लंडातल्या फेझंटच्या शिकारीसाठी झकास, इथल्या मिश्र शिकारीसाठी अपुरा.

आता सावज कुठून अडकवायचं, ज्यात नवखे सर्वांत जास्त चुकतात.

खारीला शेपटीनं कधीच लटकवू नये. शेपटीची कातडी आतल्या हाडावरून म्यानासारखी निघून येते आणि खार पाचोळ्यात पडते. तासाभरानं लक्षात येतं की पट्ट्यावर नुसती शेपूटच आहे. मानेचाही भरवसा नाही, कारण खारीचं डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसतं आणि सैल फास कानांवरून घसरतो. मागचा पाय घ्यायचा, टाचेच्या वर. खारीचं मागचं पाऊल लांब असतं, ते आडवं येतं आणि फास उतरू देत नाही.

सशालाही मागच्याच पायांनी, पण दोन्ही पाय एकाच फासात. सशाची कातडी ओल्या कागदासारखी फाटते, त्यामुळे कातडीत आकडा खुपसून लटकवणं हा प्रकार सशाला चालत नाही. आकडा टाचेमागच्या धोंडशिरेमागून, म्हणजे ती आणि हाड यांच्यामधून गेला पाहिजे, कातडीतून नव्हे.

पक्ष्याला मानेनं. छर्रे मानेला लागून ती अर्धवट तुटली असेल, तर दोन्ही पायांनी. नर फेझंटच्या पायाला आर असते, तिच्यावर फास अडून बसतो. एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा: पोटात छर्रे लागलेला पक्षी डोकं खाली करून लटकवला तर आतड्यांतली घाण छातीच्या मांसाकडे उतरते, आणि पक्ष्यात खाण्यासारखं असतं ते मुख्यतः तिथेच. असा पक्षी डोकं वर ठेवूनच न्यावा आणि जमेल तितक्या लवकर साफ करावा.

सशाचं अजून एक काम पट्ट्याला लावण्याआधीच उरकायचं असतं. पुढच्या पायांनी उभा धरायचा, अंगठा पोटावर ठेवून छातीकडून शेपटीकडे दाबत आणायचा. मूत्राशय रिकामं होतं. हे केलं नाही तर वाटेत कुठेतरी दाब बसतो, मूत्र पोटाच्या मांसावर उतरतं आणि तो वास मसाल्यानंही जात नाही.

पट्टा कुठल्या खांद्यावर? उजव्या हातानं बंदूक चालवणाऱ्यानं डाव्या खांद्यावरून आडवा, उजव्या कमरेच्या मागे सावज येईल असा. उजव्या खांद्यावर पट्टा असला की बंदुकीचा दस्ता पट्टीवर टेकतो, दरवेळी वेगळ्या जागी, आणि नेम वर किंवा खाली जातो. बंदुकीला स्वतःचा टांगायचा पट्टा असेल तर तो उजव्या खांद्याला. दोन्ही पट्टे एकाच खांद्यावर आले की एक काढताना दुसरा घसरतो.

पट्टा घरी करायचा असेल तर दुकानाच्या पट्ट्यात आणि त्यात फरक फक्त देखणेपणाचा. दीड मीटर नायलॉनची जाड पट्टी, शक्य तर 38 मिलिमीटरची, एक बकल, आणि 550 पॅराकॉर्डचे, म्हणजे पॅराशूटच्या धाटणीच्या नायलॉन दोरीचे, 40 सेंटिमीटरचे सहा तुकडे. हा पॅराकॉर्ड साधारण 4 मिलिमीटर जाड असतो आणि 250 किलोच्या आसपास ताण सोसतो, तेव्हा तुटण्याची चिंता नको. प्रत्येक तुकड्याची टोकं लायटरनं वितळवून घ्या, नाहीतर आतले सात धागे बाहेर येतात. दोन्ही टोकं एकत्र धरून साधी गाठ मारली की वळं तयार होतं. पट्टीला तापल्या खिळ्यानं सात-आठ सेंटिमीटरवर एकेक भोक पाडायचं. वळ्याचं गाठ नसलेलं टोक भोकातून ओवायचं, पट्टीच्या कडेवरून आणायचं आणि गाठीकडचा भाग त्यातून ओढून घ्यायचा. वळं पट्टीला घट्ट बसतं, सरकत नाही. भोकं न पाडता नुसतं वळं पट्टीभोवती आवळलं तर सगळी सावजं उतारावरून घसरून सर्वांत खालच्या जागी गोळा होतात, आणि आपण जे टाळायला निघालो तेच पदरात पडतं. सावज अडकवताना वळं दुमडून त्यातूनच ओढून घेतलं की निसरगाठीचा फास होतो. वजन पडेल तसा तो आवळतो. मात्र सावज जमिनीवर ठेवलं की वजन जातं आणि फास सैल पडतो. पट्टा पुन्हा उचलताना सगळे फास एकदा ओढून बघायचे. नारिंगी रंगाचा पॅराकॉर्ड घ्या. पाचोळ्यात राहिलेला खाकी पट्टा शोधणं हे वेगळं काम होऊन बसतं.

पट्ट्याचा खरा दोष काटेरी जाळीत कळतो. ग्राऊज आणि लांब चोचीचा वुडकॉक पक्षी जिथे असतात तिथे कोवळ्या झाडांची दाटी, रानगुलाब आणि ब्लॅकबेरीच्या जाळ्या असतात. लटकलेलं सावज प्रत्येक फांदीत अडकतं, पिसं उपटली जातात आणि एखादा फास सुटला तर कळतही नाही. तिथे पट्टा नको.

पट्ट्याहून स्वस्त, आणि खारींच्या शिकारीत अनेक जुने लोक वापरतात ते साधन म्हणजे तार. 3 मिलिमीटर जाडीची कडक तार, 40 सेंटिमीटर लांब. एका टोकाला वाकवून दोन-अडीच सेंटिमीटरची कडी, दुसरं टोक कानशीनं घासून टोकदार. खारीच्या मागच्या पायाच्या टाचेवर, हाड आणि मागची शीर यांच्यामध्ये एक पातळ पापुद्रा असतो. टोक तिथून पार करायचं आणि खार कडीपर्यंत सरकवायची. शेवटी टोक कडीत अडकवलं की मोठ्या सेफ्टी पिनेसारखं बंद होतं. ही कमरेच्या पट्ट्याला कॅराबिनरनं, म्हणजे स्प्रिंगनं बंद होणाऱ्या कडीनं, टांगायची. खर्च दोन-तीन डॉलर, सहा खारी आरामात, आणि धुवायचं म्हणजे पाण्याखाली धरायची. कपडे टांगायच्या हँगरची तार घेऊ नका. तीन किलोला ती वाकते आणि टोक कडीतून सुटतं. टोकावर बुचाचा तुकडा लावल्याशिवाय रिकामी तार खिशात ठेवू नये, हे सांगायला नको, तरी सांगतो.

तारेचे दोष दोन. सगळं वजन एका बाजूच्या कमरेवर येतं, त्यामुळे पँटचा पट्टा सैल असेल तर चौथ्या खारीनंतर पँट सावरत चालावं लागतं. दुसरा दोष आवाजाचा. खारीची शिकार म्हणजे हिकरी किंवा ओकच्या बुंध्याला टेकून गप्प बसणं आणि कवच कुरतडल्याचा आवाज ऐकणं. कडी आणि कॅराबिनरची किणकिण त्यात बसत नाही. कडीभोवती इन्सुलेशन टेप गुंडाळली की आवाज थांबतो. बसल्यावर तार कमरेवरून काढून सावलीतल्या फांदीला अडकवावी, म्हणजे खारी जमिनीला टेकत नाहीत आणि लवकर निवतात.

आणि काहीच विकत घ्यायचं नसेल तर? सशाच्या एका मागच्या पायावर, टाचेच्या वर, शीर आणि हाड यांच्या मधोमध चाकूच्या टोकानं दोन सेंटिमीटरची चीर द्यायची आणि दुसरा पाय त्यातून पार करायचा. दुसऱ्या पायाची टाच आडवी अडकते आणि दोन्ही पायांचं एक वळं तयार होतं. ते काठीवर ओवायचं, काठी खांद्यावर. इंग्लंडातले ससे पकडणारे हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत आणि वारा लागण्याच्या बाबतीत या पद्धतीला महागातलं महाग साधन हरवू शकत नाही. अडचण एवढीच की एक हात काठीत गुंततो. शिकार आटपून गाडीकडे परतताना उत्तम, शिकार चालू असताना नाही. चीर देताना शीर कापली गेली की तो पाय गेला. मग दुसऱ्या पायावर चीर द्यायची, तिसरा मागचा पाय काही सशाला नसतो.

आता व्हेस्ट. वर त्याची निंदा केली ती सप्टेंबरपुरती. तापमान 5 अंशांच्या खाली गेलं, कुत्रा बरोबर आहे, दिवसभर काट्यांतून चालायचं आहे, तर व्हेस्टला पर्याय नाही. दोन्ही हात मोकळे, सावज अडकत नाही, काडतुसं आणि पाणी तिथेच. स्वस्तातली 50 डॉलरच्या आसपास सुरू होतात, चांगली 200 च्या पुढे जातात. या फरकात पैसा कुठे जातो ते समजून घेतलं तर फसगत होत नाही.

पहिली गोष्ट, वजन कुठे पडतं. स्वस्त व्हेस्टमध्ये झोळी थेट पाठीच्या कापडाला शिवलेली असते आणि सगळा भार खांद्यांवर येतो. दोन फेझंट म्हणजे अडीच किलो, बारा बोअरची 25 काडतुसं म्हणजे किलोभराहून थोडं जास्त, दोन लिटर पाणी. सहा किलो मागे ओढायला लागले की कॉलर गळ्यावर चढते. चांगल्या व्हेस्टला रुंद कमरपट्टा असतो आणि झोळी त्यावर बसते. दुकानातच झोळीत पाच किलोची कणकेची पिशवी टाकून, बंदूक खांद्याला लावल्यासारखे हात वर करून बघा. समोरचा भाग हातांबरोबर वर सरकला तर ते व्हेस्ट तिथेच ठेवा. दुकानात कणीक नसेल तर पाण्याच्या बाटल्या चालतात.

दुसरी, झोळीचं तोंड. बाजूंनी हात घालून सावज टाकता आलं पाहिजे. ज्यात फक्त वरून टाकता येतं ते दरवेळी काढावं लागतं. आणि झोळीचा तळ चेननं उघडून सपाट करता येतो का ते पाहा. उघडत नसेल तर कोपऱ्यांत पिसं, रक्त आणि काटक्यांचा लगदा साचतो आणि पुढच्या हंगामापर्यंत तिथे एक स्वतंत्र सृष्टी तयार होते.

तिसरी, कापड. 1000 डेनिअरचं (डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) कॉर्ड्युरा नायलॉन काट्यांना दाद देत नाही, पाण्यानं जड होत नाही, पण फांदीला घासलं की खरखर आवाज करतं. 600 डेनिअर पॉलिएस्टर स्वस्त, दोन हंगामांत रानगुलाब त्याचे धागे ओढून काढतो. मेणकापड, म्हणजे मेण-तेल मुरवलेलं जाड सुती कापड, सर्वांत गप्प आणि सर्वांत टिकाऊ. 1897 पासून सिएटलमध्ये असलेल्या फिल्सनचं टिन क्लॉथ हे त्यातलं प्रसिद्ध नाव. ते जड आहे, नवं असताना पुठ्ठ्यासारखं ताठ आहे आणि महाग आहे. ग्राऊजच्या मागे दरवर्षी महिनाभर काट्यांत फिरणाऱ्यानं घ्यावं. वर्षातून दोनदा जाणाऱ्यानं कॉर्ड्युरावर भागवावं, उरलेल्या पैशांत काडतुसं येतील.

चौथी, झोळीचं अस्तर. रक्त बाहेर येऊ न देणारं अस्तर वाराही आत येऊ देत नाही, आणि जाहिरातीत हा गुण म्हणून सांगितलेला असतो. काही व्हेस्टना पाठीकडे लेपाचं कापड आणि बाहेरच्या बाजूला जाळी असते. रक्त तुमच्या पाठीला लागत नाही आणि उष्णता मागून निघून जाते. एकच व्हेस्ट सगळ्या हंगामासाठी घ्यायचं असेल तर ही रचना शोधा. बाकी सगळी वैशिष्ट्यं दुय्यम. अस्तरावरचा पॉलियुरेथेनचा लेप मात्र दमट तळघरात ठेवला की काही वर्षांत चिकट होऊन पापुद्र्यांनी सुटतो. जुनं व्हेस्ट विकत घेताना झोळीच्या आत बोट घासून बघावं. बोटाला चिकटलं तर कितीही स्वस्त असो, नको.

व्हेस्ट आहे आणि दिवस उबदार निघाला, तर निदान एवढं करा: सावज मारल्याबरोबर साफ करा, निवू द्या, मग झोळीत टाका. साफ केलेल्या सशाच्या पोटात पाच-सहा सेंटिमीटरची काटकी आडवी घातली की पोट उघडं राहतं आणि आत हवा जाते. खारीचं गणित थोडं वेगळं आहे. खारीची कातडी थंड झाली की अंगाला घट्ट बसते आणि सोलताना घाम निघतो, म्हणून अनेक जण रानातच गरम असताना सोलतात. केस ओले करून सोललं तर मांसाला कमी चिकटतात. सोललेलं गरम मांस लगेच झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत बंद करू नका. आत वाफ धरते आणि मांस बुळबुळीत होतं. सुती पिशवीत घालून निवू द्या, प्लॅस्टिक नंतर.

सुती पिशवीवरून आठवलं: उशीचा जुना अभ्रा हे या यादीतलं सर्वांत कमी लेखलेलं साधन आहे. हवा खेळते, माश्या बसत नाहीत, घरी आल्यावर वॉशिंग मशीनमध्ये जातो. उबदार दिवशी जखमेवर माशी अंडी घालायला फार वेळ लावत नाही, आणि उघड्या पट्ट्यावर तिला कोणी अडवत नाही. दोन-तीन अभ्रे घडी करून खिशात ठेवा. बाजारात मिळणाऱ्या जाळीच्या पिशव्यांबद्दल मात्र आमचं मत बरं नाही. वारा लागतो हे खरं, पण नखं आणि चोची जाळीत अडकतात, काढताना जाळी फाटते, रक्त पँटवर ठिबकतं आणि रानातलं प्रत्येक कुसळ तिला चिकटतं.

नारिंगी रंगाचा हिशोब साधन घेतानाच करायचा. पेनसिल्वेनियात छोट्या सावजाच्या हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून 250 चौरस इंच चमकता नारिंगी रंग चारी बाजूंनी दिसावा लागतो. न्यू जर्सीत बंदुकीनं शिकार करताना नारिंगी टोपी किंवा 200 चौरस इंच नारिंगी बाह्यवस्त्र लागतं. तपकिरी झोळी किंवा पाठीवरची पिशवी पाठीचा नारिंगी रंग झाकते, आणि मग पेनसिल्वेनियात टोपी एकटी पुरत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी कमरेला झुलणारी करडी शेपटी दुरून दुसऱ्या शिकाऱ्याला काय दिसेल याचा विचार करा. लटकत्या सावजावर नारिंगी रुमाल बांधायला काही लागत नाही. नियम राज्यागणिक आणि वर्षागणिक बदलतात, तेव्हा परवान्याबरोबरची चालू वर्षाची पुस्तिका वाचायचीच.

वाहतुकीचाही एक नियम साधनाशी जोडलेला आहे. वुडकॉक आणि बदकांसारख्या स्थलांतरी पक्ष्यांना अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कायदा लागू होतो: घरी पोहोचेपर्यंत प्रत्येक पक्ष्याला डोकं किंवा एक पूर्ण पिसांचा पंख जोडलेला राहिला पाहिजे. होले यातून वगळलेले आहेत. म्हणजे रानात सोलून मांस पिशवीत भरण्याची सोय वुडकॉकला नाही. त्याला पट्टा किंवा झोळी, एवढंच. चौघांनी मारलेले पक्षी एकाच झोळीत टाकायची सवयही सोडा. कोणाचे किती हे तपासणीच्या वेळी सांगता आलं पाहिजे, आणि एकाच्या पाठीवर मर्यादेपेक्षा जास्त निघाले तर उत्तर त्यालाच द्यावं लागतं.

शेवटी पिसवा, गोचिडी आणि आजार. सावजाचं अंग थंड पडू लागलं की त्यावरच्या पिसवा आणि गोचिडी नव्या उबेच्या शोधात निघतात, आणि सर्वांत जवळची ऊब तुमची कंबर असते. ईशान्येकडे गोचिडीतून लाइम रोग होतो. म्हणून तार किंवा पट्टा वापरताना सावज आणि अंग यांच्यात गुळगुळीत कापडाचा थर हवा, लोकरीचा नको. सशांमध्ये टुलरेमिया नावाचा जंतूंचा आजार असू शकतो; तो कातडीवरच्या बारीक खरचट्यातूनही शिरतो. नायट्राइलचे हातमोजे घालूनच साफ करा आणि यकृतावर पांढरे ठिपके दिसले तर तो ससा खाऊ नका. मांस आतपर्यंत 74 अंशांना, म्हणजे 165 फॅरनहाइटला शिजलं पाहिजे. सप्टेंबरातल्या खारीच्या कातडीखाली कधी जाडजूड अळी सापडते. ती बॉट माशीची. दिसायला किळसवाणी असली तरी कातडीबरोबर निघून जाते, मांस बिघडत नाही. तरीही नवख्यांचा उत्साह तिथेच मावळतो.

गाडीत आइसबॉक्स हवाच. पण सावज वितळलेल्या पाण्यात बुडू देऊ नका. बर्फ बाटल्यांत गोठवून न्यावा, वर ताटली किंवा जाळी, त्यावर सावज एका थरात. डिकीत पट्ट्यासकट फेकून तासभर गाडी चालवली तर दिवसभर लावलेला वारा फुकट गेला.

धुण्याचं सांगून थांबतो. रक्ताला आधी थंड पाणी, नेहमी. गरम पाण्यानं रक्त कापडात पक्कं बसतं. नायलॉनचा पट्टा आणि व्हेस्टचं अस्तर थंड पाण्यात भिजवून एन्झाइमच्या साबणानं धुवा आणि झोळी उलटी करून सावलीत वाळवा. मेणकापड मशीनमध्ये घालायचं नाही आणि साबणही लावायचा नाही. थंड पाणी आणि ब्रश, मग जिथे मेण गेलंय तिथे नवं मेण चोळून हेअर ड्रायरनं मुरवायचं. चामडी पट्टा ओल्या फडक्यानं पुसून, वाळवून, तेल लावून ठेवा, आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. तळघरात खुंटीला टांगला तर रक्ताच्या खारटपणापायी उंदीर आधी तोच कुरतडतात.